मागून चार बोटं खाली

"कवडू, हे लोखंड कायले घालून राहिला बे माह्या गाडीत?"

तुलाराम गुडघ्यांवर हात टेकून गाडीखाली वाकला होता. त्याची पांढरी अँबेसेडर मागून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी होती, मागची चाकं भिंतीला लावून ठेवली होती आणि कवडू मिस्त्री एक्सल आणि कमानीच्या पाट्यांमध्ये लोखंडाचा जाड ठोकळा बसवत होता.

"धनंजयभाऊनं सांगतलं जी," कवडू खालूनच बोलला. "दोनी बाजूनं एकेक ठोकळा. गाडी मागून चार बोटं खाली येते. झोकदार दिसते म्हने."

"पाटे कुरकुर करते म्हनून आनली ना त्यानं गाडी?"

पाना शोधायच्या निमित्तानं कवडू पलीकडच्या बाजूला सरकला. साकोलीच्या हायवेवरच्या या दुकानात लोक यायचे ते गाडी वर उचलून घ्यायला. धानाची दोन पोती जास्त बसावीत म्हणून एखादा पाटा वाढवून घ्यायचे. गाडी खाली करून मागणारं गिऱ्हाईक तुलारामनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते नेमकं आपल्याच घरचं निघालं.

गाडी मूळची सरकारी. तुलाराम तिच्यावर ड्रायव्हर होता. साहेब येत गेले, जात गेले. गाडी आणि तुलाराम तेवढे कायम. गाडी लिलावात निघाली तेव्हा त्यानं ती घेतली आणि सगळ्या गावानं त्याला वेड्यात काढलं. सर्वांत जास्त त्याच्याच मुलानं, धनंजयनं. या पोरानं कधी गाडीच्या काचेवर फडका मारला नव्हता. आता अचानक तिला झोकदार करायचं सुचलं, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

कुठं, तेही तुलारामनं शोधून काढलं. जुन्या गाड्या घेऊन त्यांना नटवायचं आणि लग्नाच्या वरातीत भाड्यानं फिरवायचं, असा धंदा नागपुरात चालतो म्हणे. धनंजय हल्ली फोन आला की अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलायचा. बाप दिसला की आवाज खाली यायचा. झालं! गिऱ्हाईक ठरलं होतं.

धनंजयनं गाडी ठोकळ्यांसकट घरी आणली त्या दिवशी तुलारामनं किल्ली करदोट्याला बांधली.

"आंघोळीले तरी सोडा जी ते," त्याची बायको रंभाबाई म्हणाली.

"तुयाच पोराले चोरी कराची आहे, मी कायले सोडू?"

रंभाबाई डाव्या हातानं तांदूळ निवडत राहिली. पोळ्याच्या संध्याकाळी ती घराजवळच्या कालव्याच्या छोट्या पुलावर, नहराच्या पुलियावर, पडली आणि उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण हात सरळ होत नव्हता. तुलारामनंच तिला याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं आणि खाली पाहून चालत जा म्हणून वाटभर बोलणीही दिली होती.

साकोलीच्या बाजाराच्या दिवशी त्यानं गाडी काढली. ती पुलिया मधोमध उंच होती आणि गावाबाहेर जायला दुसरी वाट नव्हती. पुढची चाकं चढून उतरली आणि खालून असा खरखराट झाला की तुलारामनं करकचून ब्रेक दाबला. सायलेन्सर सिमेंटवर घासला होता. त्यानं इंच इंच करत गाडी मागे घेतली आणि पुन्हा अंगणात आणून लावली.

धनंजय अंगणातच उभा होता. तो धावला नव्हता. वाकून खालीही पाहिलं नाही.

"राहू द्या बाबा," तो म्हणाला. "आता कुठं जाता गाडी घेऊन. बाजार मी आनून देतो."

तुलाराम किल्ली पुन्हा करदोट्याला बांधत गाडीतून उतरला आणि पोराकडे पाहत राहिला. विकायची गाडी अशी घासली असती, तर विकणारा पळत आला असता. हा तर त्या आवाजाचीच वाट पाहत होता; दुकानातून गाडी आणताना त्यानं तो एकट्यानं ऐकला असणार.

"तुले गाडी विकाची नाही," तो सावकाश म्हणाला. "मले ते पुलिया ओलांडू द्याची नाही. काहून?"

धनंजयनं आईकडे पाहिलं. रंभाबाईनं मान हलवली, सांगू नको म्हणून. पण आता त्याला राहवेना.

"पोळ्याच्या दिवशी तुमी घरी येऊन का म्हनले होते, बाबा?"

"का म्हनलो? पुलियावर वासरू आडवं आलं म्हनलो. थोडक्यात वाचवलं मी त्याले."

"वासरू नोहोतं. माय होती. मी इथूनच पाह्यलं. तुमचा आरसा लागला तिले."

तुलाराम ओट्यावर बसला. रंभाबाईनं आपला वाकडा हात पदराखाली घेतला.

"तू तं पाय घसरला म्हनली," तो तिला म्हणाला.

"मंग का सांगू? खरं सांगतलं असतं तं तुमी त्याच दिवशी गाडी सोडली असती. अन् मंग दिवसभर का केलं असतं तुमी? मीच याले म्हनलं, बाबाले बोलू नोको, गाडीलेच काही कर; अंगनात राहिली तं पुसत तरी बसतीन."

त्याला भयंकर लाज वाटली. हात मोडलेल्या बायकोला आपण रस्ताभर डोळे नाहीत का म्हणून विचारत होतो, आणि ती मागच्या सीटवर मुकाट्यानं ऐकत होती. त्या लाजेतच तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं करदोट्याची गाठ सोडायला घेतली. ती त्याला नीट दिसेना, सुटेना. शेवटी रंभाबाईनंच डाव्या हातानं ती सोडवली.

"कवडूले सांग, ठोकळे काढ म्हना," त्यानं किल्ली धनंजयच्या हातात दिली. "गाडीचा का दोष आहे त्याच्यात? तिले काहून खाली करता?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी पुन्हा आपल्या उंचीवर उभी होती. धनंजय स्टिअरिंगवर बसला. रंभाबाई मागे. तुलाराम सवयीनं उजव्या दाराशी गेला, थांबला आणि बोनेटला वळसा घालून डावीकडे आला. या सीटवर साहेबांचा चपराशी बसायचा. इथून रस्ता तिरपा दिसतो, हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

पुलिया आली. तुलारामचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता.

धनंजयनं गाडी हळू केली.