धाकटीने सांगितलेला सिनेमा

ऑपरेटरने तीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये मशीन चालवलं होतं. कंबरेखालचं अंग गेल्यापासून तो अंथरुणाला खिळला आणि सिनेमा त्याच्याकडे धाकट्या बहिणीच्या तोंडून यायला लागला. शनिवारी दुपारी शेजारीण येऊन त्याच्यापाशी बसायची, धाकटी तीनचा खेळ बघून यायची आणि चहा टाकता टाकता सगळी कथा सांगायची. तिच्या वाणीत अशी गोडी, की समोरच्या भिंतीवर पडदा लागल्यासारखं वाटायचं.

रविवारी त्याचा जुना दोस्त शिंपी यायचा. दोघांनाही सिनेमाचं वेड आणि भांडायला एकच विषय. पडद्यावर कुणी स्वप्न बघायला लागलं की लेखकाचं घोडं अडलं म्हणून समजावं, असं ऑपरेटरचं मत. शिंपी म्हणायचा, अरे बाबा, माणसाला जागेपणी जे बोलता येत नाही ते कथेने स्वप्नात नाही सांगायचं तर कुठे?

त्या रविवारी ऑपरेटरने आदल्या दिवशीच्या सिनेमाचाच दाखला दिला. नायिकेला स्वप्न पडतं. लांबलचक खोली, ओळीने शंभर खाटा, सगळ्यांना एकदम तहान लागलेली आणि हिच्या हातात एकच पेला. चांगल्या चाललेल्या गोष्टीत हे कशाला घुसडायचं?

शिंपीही तो सिनेमा बघून आला होता. त्यात स्वप्न नव्हतं. खाटसुद्धा नव्हती.

मग दोघांनी मागचे सिनेमे उकरून काढले. सुरुवात जुळायची, शेवट जुळायचा, मधलं सगळं भलतंच.

"म्हणजे ती जातच नाही," ऑपरेटर म्हणाला. "कुणाला तरी विचारून घेते. मग तीन तास असते कुठे?"

संशय एकदा मनात शिरला की घरातल्या प्रत्येक वस्तूवर जाऊन बसतो. धाकटीने नव्या चपला घेतल्या, त्या कशाला? ती फोन घेऊन गॅलरीत का जाते? गावाबाहेर त्याच्यासारख्या माणसांसाठी एक संस्था होती. आपल्याला तिथे टाकायचं ठरतंय, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं. रात्रीतून चार वेळा उठून ती त्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. ती गेली तर हे कोण करणार? पण तोंडावर विचारायची छाती होईना.

शेवटी त्याने शिंप्याला गळ घातली. पुढच्या शनिवारी शिंपी थिएटरात तिच्या मागे चार रांगा सोडून बसला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा धाकटी बाजारात गेली होती, तरी तो बोलायला तयार होईना.

"कुणी होतं बरोबर?"

"कुणी नव्हतं. दहा मिनिटं बघितलं तिने. मग मान कलली ती मध्यंतरालाही उठली नाही. लोक उठायला लागले तेव्हा दचकून जागी झाली आणि दारावरच्या माणसाला विचारलं, शेवटी काय झालं हो?" शिंपी उगाच हसला. "घोरते पण, बरं का. थेट तुझ्यावर गेलीये."

ऑपरेटर हसला नाही. त्या शंभर खाटांवर शंभर माणसं नव्हती, एकच माणूस होता, हे त्याला आता दिसलं. देवाने अशी बहीण पदरात घातली आणि आपण तिच्या मागे माणूस लावला, या विचाराने त्याला शिंप्याकडे बघवेना.

पुढच्या शनिवारी धाकटीने विचारलं, दोन नवे लागलेत, कुठला बघू?

"लांबीला मोठा कुठला?"

"एक आहे सव्वातीन तासांचा. पण त्यात काही घडतच नाही म्हणे. नुसती शांतता."

"तोच बघ."

धाकटीचा हात कडीवरच राहिला. रटाळ सिनेमाला शिव्या घालण्यात ज्याचा जन्म गेला, तो हे सांगत होता.

"दादा, तुझ्या डोक्यात काय शिजतंय?"

"काही नाही. शेजारीण आलीये, नीघ तू."

ती निघाली. जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि दारातून डोकावून त्याच्याकडे संशयाने बघत राहिली.