मास्तरीणबाईचा डावा हातमोजा

मी एक हातमोजा आहे, डाव्या हाताचा. इतकी वर्षं गप्प होतो, आज बोलतोय. मी गोड बोलेन अशी आशा मात्र ठेवू नका. एका गावाबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही. त्या गावाचं नाव मी तोंडातून काढणार नाही. दारव्ह्याहून आठ मैलांवर आहे, एवढं पुरे.

माझा जन्म अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतरचा. दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, देवराव नावाचे चौकीदार होते. त्यांचा खाकी गरम कोट कोपरांवर फाटला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईनं, तो जमिनीवर पसरला आणि त्याला कात्री लावली. पाठीच्या कापडातून मी आणि माझा उजवा भाऊ निघालो, बाह्यांमधून दोन पायमोजे निघाले. आमच्या पोटात तिनं पहिल्या वेचणीचा कापूस भरला. हातानं पिंजला, सरकी एकही राहू दिली नाही. अंगठ्याला वेगळी खोली आणि बाकीच्या चार बोटांना एकच, म्हणजे बोटांनी एकमेकांना ऊब द्यावी.

हे सगळं तिच्या लेकीसाठी होतं. लेकीचं नाव सत्यशीला. छप्पन साली नागपूरला आईबापांसोबत दीक्षा घेऊन आल्यावर हे नाव तिनं स्वतः निवडलं होतं. पुढे ती यवतमाळला मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गेली आणि तिथल्याच पहिल्या हिवाळ्यात तिची बोटं ऐकेनाशी झाली. सकाळी थंड पाण्यात हात घातला की ती खडूसारखी पांढरी पडत, मग जांभळी, आणि ऊन लागलं की लाल होऊन अशी ठणकत की तिला ओठ चावून बसावं लागे. पायांच्या बोटांचंही तेच.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं होतं. "थंडी लागली की तुझ्या रक्ताच्या नळ्या आवळतात. बोटांपर्यंत रक्त पोचत नाही. याला औषध फारसं नाही, ऊब हेच औषध. नुसते हात झाकून चालायचं नाही. पोट, पाय, कान, सगळं अंग गरम ठेवायचं. आणि एक लक्षात ठेव, बधिर हात विस्तवाजवळ न्यायचा नाही. भाजलं तरी तुला कळणार नाही."

तुळसाबाईनं हे शब्द पाठ केले. लेक त्या गावच्या शाळेवर निघाली, तेव्हा तिनं आम्हाला तिच्या हातात चढवलं आणि म्हणाली, "बिस्तऱ्यात वीट ठेवली हाय. निजाच्या आधी चुलीत तापवत जाय, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवत जाय. अन् मोजे काढून कोनाले देऊ नको, माय."

शाळा म्हणजे एक लांब खोली, चार वर्ग, एक मास्तरीण. मागच्या बाजूला सत्यशीलाची राहायची कोंदट खोली. गावात ती नकोच होती. शाळा समितीचे प्रमुख पंजाबराव पाटील, पस्तिशीचे, धुतलेलं धोतर नेसणारे, आवाज कधी न चढवणारे. त्यांना ही जागा त्यांच्या मेव्हण्यासाठी हवी होती. ती एका बाईला गेली, आणि बाईही अशी की जिचे आजोबा गावाबाहेर राहत. पंजाबराव तिला अहो-जाहो करत आणि तिच्या हातून हजेरीचा कागद कधी घेत नसत. टेबलावर ठेवायला सांगत.

पहिला हिवाळा कसाबसा गेला. मी फळ्याजवळ तिच्या हातावर असे. खडू धरायला उजवा भाऊ तेवढा उतरत असे आणि ओळ लिहून झाली की लगेच चढत असे. पोरं आधी हसली, मग त्यांना सवय झाली. एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमच्या मोज्यात काय हाय?" सत्यशीला म्हणाली, "कापूस. तुह्या वावरातलाच असन." ती पोरगी दिवसभर खूश होती. त्या गावातली ही एकच गोष्ट मला आठवायला आवडते.

एकोणसाठच्या डिसेंबरात विहिरीवर घात झाला. सत्यशीला गावाच्या विहिरीवर स्वतः पाणी शेंदायची, कायद्यानं ती विहीर तिचीही होती. ती आली की बायका आपापल्या घागरी उचलून लांब उभ्या राहत. त्या दिवशी वारा बोचरा होता. दोर ओला होता, म्हणून तिनं आम्हाला कमरेला खोचलं आणि उघड्या हातांनी शेंदू लागली. तिसऱ्या बादलीला तिची आठ बोटं पांढरीफटक पडली. दोर सुटला, बादली धाडकन आत गेली.

पंजाबरावांची आई मथुराबाई तिथंच उभी होती. तिनं ती बोटं पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

"अवो बाया! हिची बोटं मेली! महारोग हाय हिले, महारोग!"

"महारोग नाई, काकू," सत्यशीला म्हणाली. "थंडीनं होते. आत्ता रक्त येईन."

"मंग काहून लपवून राह्यली इतके दिवस? मोज्यात काहून कोंबते हात?" दुसरी एक ओरडली. "देव फेकून देले ना यायनं! घेतली देवानं बोटं!"

मी तिच्या कमरेला लोंबकळत होतो. तिला ऊब द्यायला शिवलेला मी, आणि माझ्यावरच बोट दाखवून लोक तिला रोगी ठरवत होते.

आठ दिवसांत पट अठ्ठेचाळीसवरून दोनवर आला. ही दोन पोरं सुखीबाईची. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथल्या नाईकाची, उत्तमसिंगची, ती बायको. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन ती रोज शाळेवरून जायची आणि पोरांना दारात सोडायची. तिला कुणीतरी अडवून महारोगाचं सांगितलं. ती म्हणाली, "थंडीत माह्या सासूचेबी पाय निळे होत. रोगी नव्हती, म्हातारी होती." आणि भारा सावरत निघून गेली.

नवव्या दिवशी सकाळी पंजाबराव गाव घेऊन शाळेच्या अंगणात आले. थंडी कडक होती. लोकांनी तिथंच पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवल्या आणि भोवती हात शेकत उभे राहिले. सत्यशीलाला बाहेर बोलावलं.

"बाई," पंजाबराव हळू आवाजात म्हणाले, "मोजे काढा. लोकाइले पाहू द्या."

"ऊन चढू द्या, पाटील. मंग दाखवीन. आत्ता काढले तं पांढरेच दिसतीन."

"लपवाचं काई नसन तं आत्ताच काढा. आमची लेकरं हायेत, बाई. आमाले काळजी नाई का?"

मग तिनं आधी माझ्या भावाला काढलं, मग मला, आणि आम्हाला दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. हात पुढे केले. पाहता पाहता बोटं पांढरी पडली. गर्दी मागे सरकली.

पंजाबरावांनी काठी पुढे केली. आम्हाला हातानं शिवायचं नव्हतं, रोगाच्या भयानंही आणि जुन्या कारणानंही. काठीच्या टोकावर दोघांना उचललं आणि पऱ्हाट्यांच्या जाळात टाकलं.

कापूस कसा पेटतो ते मी सांगायला नको. माझा भाऊ वर पडला होता, तो एका क्षणात भडकला. मी कडेला होतो. सत्यशीला धावली. डॉक्टरीणबाईंचे शब्द त्या घडीला तिच्या डोक्यात नसणार. डोक्यात तिची आई असणार. तिनं उजवा हात सरळ जाळात घातला, मला ओढून काढलं, धुळीत दाबून विझवलं. मग मला डाव्या हातानं छातीशी धरून, उजवा पुन्हा जाळात घालून ती भावाला शोधू लागली. निखाऱ्यांत बोटं फिरवत होती, पण तोंडावर वेदनेची एक रेघ नव्हती.

"पाहा!" कुणीतरी किंचाळलं. "विस्तवात हात हाय अन् तिले समजत नाई! आता तं पटलं?"

तळव्याची कातडी सुटली होती. तिनं हात वर केला, पाहिला, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, हे मला तिच्या छातीशी असल्यानं कळलं. गर्दी पळाली. मथुराबाई सगळ्यांत पुढे होती.

सुखीबाईनं तिला तांड्यात नेलं. खोपटात घेतलं, दार लावलं, पायांवर घोंगडी टाकली, गरम गुळाचा चहा पाजला आणि हातावर धुतलेला धडपा बांधला. दुपारी अंग तापलं, बोटांत रक्त आलं, आणि सत्यशीला ओरडली. तांडाभर ऐकू जाईल अशी ओरडली. मला ते ऐकून बरं वाटलं. मेलेली बोटं ओरडत नाहीत. पण हे ऐकायला गावातलं कुणी नव्हतं.

रडून झाल्यावर ती म्हणाली, "सुखीबाई, खरंच तेच असन तं?"

"कायले असन? तपासून ये. नसलं तं कागद घेऊन ये," सुखीबाई म्हणाली. "असलं तरी ये. तुह्यी जागा हाय इथं."

यवतमाळला महारोग तपासणारे एक पोक्त डॉक्टर होते. त्यांनी लगेच हात लावला नाही. आधी तिला अर्धा तास उन्हात बसवलं, चहा दिला. मग म्हणाले, "डोळे मिटा. कुठं टोचतोय ते सांगा." कापसाची वात फिरवली, सुई टोचली, कोपराच्या शिरा चाचपल्या, कानाच्या पाळ्या पाहिल्या. प्रत्येक वेळी तिनं बरोबर सांगितलं. शेवटी डावा हात गार पाण्यात धरला. बोटं पांढरी, मग जांभळी, मग लाल. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं, 'महारोग नाही.' खाली सही, शिक्का. मग विचारलं, "मोजे असतील ना तुमच्याकडे?"

"एक हाय," ती म्हणाली.

फेब्रुवारीत शाळाखात्याचे डिप्टी साहेब गावात आले. त्यांनी तो कागद अंगणात मोठ्यानं वाचला. लाजेनं कुणी मान खाली घातली नाही. पंजाबराव म्हणाले, "कागद खरा असन, साहेब. पण पोट्टे आमचे हायेत. आमी नाई पाठवत."

"पट वीसच्या खाली राहिला तर शाळा इथं ठेवता येणार नाही, पाटील."

"मर्जी तुमची," पंजाबराव म्हणाले. ते मनात खूश होते. शाळा बंद झाली की बाई जाणार, पुढच्या वर्षी अर्ज केला की शाळा परत, आणि खुर्चीत मेव्हणा.

तेव्हा सुखीबाई भारा खाली टाकून पुढे झाली. "साहेब, आमच्या तांड्यात सव्वीस पोट्टे हायेत. बसाले खोपट देतो, छत आमी शाकारतो. शाळा आमाले द्या. अन् बाईबी हेच."

साहेबांनी सत्यशीलाकडे पाहिलं. "तुम्हाला बदली देतो म्हटलं तर? मोठं गाव, बरी वस्ती."

"तांड्यातच द्या," ती म्हणाली.

जूनमध्ये शाळा नाल्यापलीकडे गेली. पंजाबरावांचा अर्ज गेला. उत्तर आलं की मैलाच्या आत शाळा आहे, दुसरी मिळणार नाही. हे उत्तर ऐकलं त्या दिवसाइतका मी आयुष्यात कधी खूश झालो नाही. मी वाईट असेन. असू द्या.

सुखीबाईनं माझ्यासाठी नवा जोडीदार शिवला, लाल कापडाचा, कवड्या आणि आरसे लावलेला. तो फळ्यासमोर चमकायचा, मी जळक्या काठाचा खाकी. आमचं जमलं. तांड्यातल्या शाळेत रीतच पडली, हिवाळ्यात वर्ग दार लावून, एकमेकांना चिकटून बसायचा, आणि पहिला तास अंगणात उन्हात. चुलीतली तापलेली वीट फडक्यात गुंडाळून बाईच्या पायाशी.

दोन वर्षं गावातल्या पोरांनी नाला ओलांडला नाही. मग एकेक येऊ लागलं. बासष्टच्या जूनमध्ये मथुराबाई नातीला घेऊन आली, पंजाबरावांच्या धाकट्या मुलीला. पंजाबराव आले नाहीत. म्हातारी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सत्यशीलाच्या तळव्यावरचा जुना व्रण तिनं पाहिला.

"माह्या दिराले झाला होता तो रोग," ती म्हणाली. "वावरात खोपटात ठेवला होता मेला तवरोक. भाकर मीच नेऊन टाको. लांबूनच टाको. तुह्यी बोटं पाह्यली अन् मले भेव वाटलं वं, बाई."

सत्यशीलानं दौतीत टाक बुडवला. "तुमाले भेव वाटलं, काकू," ती म्हणाली. "मले भाजलं." मग विचारलं, "पोरीचं नाव काय लिहू?"

म्हातारीनं नाव सांगितलं. ते हजेरीत चढलं, आणि त्या पोरीला पहिल्या दिवसापासून बाकीच्यांसारखंच शिकवलं गेलं. यापेक्षा जास्त काही झालं नाही. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. म्हातारीच्या दिराची गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं, हे खरं आहे. राग गेला नाही, हेही खरं आहे.

आता सदुसष्ट साल चालू आहे. सत्यशीलाबाई पांढरकवड्याच्या मोठ्या शाळेत आहेत, त्यांना लोकरीचे मोजे आहेत. तुळसाबाई त्यांच्याकडेच राहते आणि मी तिच्या चुलीजवळ असतो. माझ्या पोटातला कापूस गोळा झालाय, एक शिवण उसवली आहे. चहाचं गरम भांडं उतरवायला ती मला वापरते. काम हलकं आहे, पण ऊब मिळते.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. थंडीत कुणी हात झाकून तुमच्या दारात आलं, तर हात दाखव म्हणू नका. आधी आत घ्या, दार लावा, काहीतरी गरम प्यायला द्या. बाकीचं नंतर विचारा, विचारायचंच असेल तर.

निघतो. तुम्हाला जय भीम. पंजाबरावाला नाही.