रेस दिली की थांबणारी बोट

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला येरवड्यात आमच्या घाटावर तीन-चारशे माणसं जमली होती आणि एका बोटीच्या मोटरपुढे हात जोडून उभी होती. मोटरला झेंडूचा हार, हळदीकुंकू आणि मुठीला काळा दोरा. बोट गल्लीतल्या मंडळाची. पुराच्या कामासाठी वर्गणी काढून घेतलेली, मागच्या फळीवर जुनी मोटर लटकवलेली. ती बोट हळू नेली तर शहाण्यासारखी जायची. मूठ पिळून रेस वाढवली की मोटर किंचाळायची आणि बोट जागच्या जागी थांबायची.

ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं तेव्हा असंच झालं होतं. आमच्या गल्लीतल्या कुसुमचा नवरा पुरात अडकून पलीकडच्या झाडाला धरून होता. बोट चालवणारा अवधूत त्याच्यापासून वीस हातांवर पोचला, जोर मिळावा म्हणून त्यानं रेस दिली, आणि बोट प्रवाहाबरोबर मागे वाहत आली. पुन्हा वळून गेला तेव्हा झाडावर कोणी नव्हतं. पुढे गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, पेट्रोल गाळलं, कार्ब्युरेटर साफ केला आणि इंजिन ठणठणीत असल्याचं सांगितलं. इंजिनात काही नाही म्हणजे बाहेरचं काहीतरी आहे, असं लोकांनी ठरवलं.

मग यज्ञेश्वर महाराज आले. लोणी काळभोरहून पांढऱ्या गाडीतून यायचे. गुरुवारी त्यांनी नदीचं पाणी तांब्यात घेऊन हुंगलं, लिंबू फेकलं आणि अवधूतला सांगितलं, ‘नदीचा मान राख, मुंगीच्या पावलानं ने.’ बोट पलीकडे जाऊन परत आली. लोक रडले, पाया पडले. महाराज म्हणाले, इंजिन परदेशी असलं तरी पाणी इथलं आहे, आणि या पाण्यात कोणीतरी मोटरचा श्वास बांधून ठेवला आहे. बांधणाऱ्याचं नाव रविवारी सांगतो.

मी शेजारच्या माणसाला म्हटलं, महाराजांना नाकानं हॉर्सपॉवर कळते वाटतं. तो हसला, मीही हसलो. माझा जन्म नारायण पेठेतला, नोकरीही तिथल्याच एका कचेरीत झाली, आणि निवृत्त झाल्यावर इथे फ्लॅट घेतला. टोमणा मारला की आपलं काम झालं, असं मानणारा मी माणूस. त्या दिवशी माझं काम तेवढंच झालं.

रविवारी महाराजांनी नाव घेतलं ते मुक्ताबाईचं. साठीची बाई, घाटालगतच्या पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची, पाण्यातून वाहत येणाऱ्या बाटल्या काढून भंगारात द्यायची. तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी याच घाटावर बुडाला होता. मंडळाची बोट तिच्या दारात बांधतात म्हणून ती भांडायची, एवढंच तिचं आणि बोटीचं नातं. महाराजांना ते पुरलं.

‘‘जिचा नवरा या पाण्यानं नेला,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘ती आता दुसऱ्यांचे नवरे पाण्याला देते आहे.’’

पहिली थप्पड कुसुमनं मारली. त्यानंतर कोणी मारलं ते मोजणं शक्य नव्हतं. मुक्ताबाईला केसांना धरून खोलीतून ओढत आणलं तेव्हा केसांचा एक पुंजका एका पोराच्या मुठीत राहिला आणि त्यानं तो वर धरून दाखवला. झेंड्याच्या काठीनं तिच्या पाठीवर, मांड्यांवर मारलं. तिनं डोक्यावर हात घेतला तर मनगटावर काठी बसली, आणि हाड मोडल्याचा आवाज मी बारा पावलांवरून ऐकला. ती सुरुवातीला म्हणत होती, ‘अरे, मी काय केलं?’ मग नुसतं ‘नको, नको’. मग तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं आणि शब्द थांबले. मारणारे बहुतेक मला ओळखीचे होते. त्यातला एक रोज सकाळी माझ्या दारात दूध ठेवायचा.

आमच्याच इमारतीत शबनम नावाच्या बाई राहतात. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग शिकवतात. गॅलरीतून त्यांना हे दिसलं. पोलिसांना फोन करून त्या धावत आल्या, गर्दीत घुसल्या आणि मुक्ताबाईच्या अंगावर आडव्या पडल्या. पुढची काठी त्यांच्या कपाळावर बसली. दोघांनी त्यांचे हात पिरगळून त्यांना बाजूला ओढलं. कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळत होतं तरी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही बघत उभे आहात?’’

मी उभाच होतो.

महाराजांनी हुकूम दिला की बांधणारीला बोटीच्या नाकाला बांधा, म्हणजे श्वास सुटेल. चार जणांनी मुक्ताबाईला उचलून पुढच्या कडीला दोरखंडानं आवळलं. अवधूत मागे बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यानं दोरी ओढून मोटर सुरू केली. बोट हळू निघाली, नदीच्या मध्यावर गेली. काठावर जयजयकार झाला. त्या जयजयकारानं असेल किंवा खरोखरच करणी सुटली असं वाटून असेल, अवधूतनं मूठ पूर्ण पिळली.

मोटर किंचाळली आणि बोट थांबली. मग मागे सरकायला लागली. खाली दोनशे हातांवर बंधारा होता आणि त्यावरून पाणी फेसाळत कोसळत होतं. अवधूतनं आणखी जोर लावला. मोटर आणखी वर ओरडली, बोट आणखी वेगानं बंधाऱ्याकडे निघाली. बोटीचं नाक खाली गेलं की मुक्ताबाईचं तोंड पाण्यात बुडायचं, वर आलं की ती खोकायची.

शबनमबाईंना धरणाऱ्यांचे हात ढिले झाले होते. त्या गुडघाभर पाण्यात शिरून ओरडल्या, ‘‘अवधूत, रेस कमी कर. एकदम कमी. मोटर बंद नको करू. तोंड काठाकडे वळव.’’

त्यानं ऐकलं. मोटरचा आवाज खाली आला, आणि मागचं पाणी जे सपाट पडलं होतं त्यात पुन्हा भोवरा दिसला. बोट तिरकी होऊन मुंगीच्या पावलानं काठाकडे सरकू लागली. बंधारा पंधरा हातांवर असताना तिचं नाक चिखलात रुतलं. शबनमबाई काठाकाठानं धावत तिथे पोचल्या, त्यांनी दोरखंड कापला आणि मुक्ताबाईला कुशीवर वळवून तिच्या तोंडातलं पाणी काढलं.

तेवढ्यात पोलीस आले. महाराज गाडीकडे निघाले होते, त्यांना तिथेच थांबवलं. तिथूनच ते म्हणाले, ‘‘बघितलंत ना, तिचा जीव वाचावा म्हणून नदीनंच बोट सोडली.’’

मुक्ताबाईला रुग्णवाहिकेत ठेवल्यावर शबनमबाई कपाळाला रुमाल बांधून परत आल्या. पोलीस साहेबांना म्हणाल्या, लोक पांगायच्या आत मला दहा मिनिटं द्या. बोट त्यांनी घाटापर्यंत ओढून आणवली, जाड दोरानं कडीला बांधली, मोटर वर उचलून पंखा उघडा केला. पात्यांत जलपर्णी अडकलेली नव्हती, पाती वाकलेली नव्हती. पंख्याच्या मधोमध दांड्यावर बसणारी लोखंडी नळी असते, तिच्याभोवती रबर आणि रबराबाहेर पाती. बाईंनी करवतीच्या पात्यानं नळीवर आणि बाहेरच्या कड्यावर एका ओळीत खूण ओरखडली. सगळ्यांना दाखवली. मग अवधूतला मोटर पाण्यात सोडून चालवायला सांगितली. हळू चालताना दोर ताठ झाला. पूर्ण रेस देताच मोटर किंचाळली आणि दोर ढिला पडला.

पंखा पुन्हा वर काढला. नळीवरची खूण होती तिथे. कड्यावरची खूण निम्मा फेरा मागे राहिली होती.

‘‘पंखा दगडावर आपटला तर आतले गिअर तुटू नयेत म्हणून मध्ये हे रबर असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे झिजलंय. हळू चालवलं तर पकड धरतं. जोर दिला की नळी आतल्या आत फिरते, पाती मागे राहतात. इंजिन चांगलं आहे म्हणून गॅरेजमध्ये काही सापडलं नाही.’’

दोष बाहेरचाच होता. इंजिनाच्या बाहेरचा.

अवधूत खाली बसला. रडत त्यानं सांगितलं की बोट हळू नेली तर चालते हे त्यानंच महाराजांना गुरुवारच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. मुंगीचं पाऊल तिथून आलं होतं.

कुसुम पुढे आली. तिच्या साडीच्या काठाला मुक्ताबाईचं रक्त लागलं होतं. ‘‘म्हणजे ते वाचले असते?’’ तिनं विचारलं.

शबनमबाईंनी हातातलं करवतीचं पातं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘‘रबर वेळेवर बदललं असतं तर, हो.’’

कुसुम जागीच वाकली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला मुक्ताबाईच्या मारापेक्षा जास्त वेळा आठवतो.

महाराजांवर आणि अकरा जणांवर जादूटोणा विरोधी कायद्याखाली आणि मारहाणीचा गुन्हा दाखल झाला. अवधूत माफीचा साक्षीदार झाला. मुक्ताबाईचं मनगट वाकडं जुळलं, एका कानानं ऐकू येणं गेलं. ती आता बहिणीकडे राहते, घाटाकडे फिरकत नाही. बोटीला नवीन पंखा बसला आणि ती सरळ जाते.

माझीही साक्ष झाली. समोरच्या वकिलानं विचारलं, तुमचा महाराजांवर विश्वास होता का. नाही म्हणालो. मग तुम्ही गर्दीत काय करत होतात, असं त्यानं विचारलं. बघत होतो, म्हणालो. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की पाणी हुंगून मोटर कळत नाही. ते मी शेजारच्याला हळूच सांगितलं, चारशे जणांना मोठ्यानं सांगितलं नाही.

म्हणून आता सांगतो. यंत्र बिघडलं, माणूस आजारी पडला, पीक गेलं, तर काय झालं ते आधी शोधा. कोणी केलं हे विचारणारा माणूस तुमच्या दारात आला तर त्याला तिथेच अडवा. आणि तुम्हाला कळत असेल की हे खोटं आहे, तर पहिल्या काठीच्या आधी बोला. नंतर कळून मुक्ताबाईचं मनगट सरळ होत नाही.