घोडीचे कान

"मन्हा राजेंद्र बी चार वरीसना व्हयना, तवय बोलना!"

सासूचं, कौसाबाईचं, हे वाक्य ऐकलं की निशाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. रुचिका अडीच वर्षांची झाली होती. तोंडातून 'आ, आ' यापुढे काही नाही. ना आई, ना पाणी. शहाद्याच्या डॉक्टरनं वर्षभरापूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं, आधी कान तपासा. ऐकू येत नसेल तर पोर बोलणार कशी? मशीन लागलं तर आत्ताच लागलं पाहिजे, हे वय एकदा गेलं की गेलं.

पण घरात ऐकतंय कोण! सासरे उदेसिंग आबा तर अंगावरच आले. "मन्ही नात मुकी शे का? कोन म्हनस?" एकदा दवाखान्यात नाव लागलं की गाव बोट दाखवणार, पुढे लग्नाला कोण विचारणार, हे त्यांचं शास्त्र. नवरा राजेंद्र बापापुढे मान खाली घालून उभा. त्याचा तर निशाला जास्तच संताप यायचा. अरे, पोर तुझी आहे ना!

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली आणि आबांच्या अंगात वारं शिरलं. त्या दिवशी एक सौदागर पांढरी घोडी घेऊन थेट अंगणात आला. राजेंद्रला लगाम धरायला लावून आबांनी तिचे दात बघितले, खूर उचलून बघितले, डोळ्यांसमोर हात हलवला. मग पत्र्याचा रिकामा डबा घेतला, गुपचूप तिच्या मागे गेले आणि काठीनं असा काही हाणला की ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या कौसाबाईच्या हातातलं सूप उडालं. घोडीचे कान झर्रकन मागे फिरले.

"कान चांगला शेतस," आबा खूश होऊन म्हणाले.

निशा दारात चहा घेऊन उभी होती. तिची नजर घोडीवर नव्हतीच. अंगणाच्या कोपऱ्यात पाठमोरी बसलेली रुचिका वाटीत माती भरत होती. तिनं मान वळवली नव्हती.

बास! निशानं चहाचा ट्रे ओट्यावर आदळला, पदर खोचला आणि परक्या माणसासमोर सरळ अंगणात उतरली. आबांच्या हातातला डबा आणि काठी तिनं हिसकावून घेतली.

"सूनबाई!" आबा गरजले.

"आबा, घोडीनी परीक्षा लिधी, आते नातनी ल्या!"

ती पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि सगळा राग काठीत ओतून डबा बडवला. गल्लीतलं कुत्रं ओरडत पळालं. घोडी दोन पावलं मागे सरली. रुचिकानं वाटी पालथी केली, मातीचा ढीग थोपटला, पुन्हा भरायला घेतली. निशानं दुसऱ्यांदा बडवला. तिसऱ्यांदा बडवला. सौदागरानं मान खाली घातली.

कौसाबाई पुटपुटली, "मन्हा राजेंद्र बी..."

"आई, राजेंद्र बोलत नव्हते तेव्हा हाक मारली की वळायचे का?"

"वळे तर! हाक मारी का पयतच ये मन्हा..." आणि कौसाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. इतके दिवस अभिमानानं दिलेला दाखला तिच्याच तोंडानं खोटा पडला होता.

आबा चिडून पुढे आले. ज्या आवाजाला अख्खी गल्ली दचकायची, त्या आवाजात त्यांनी हाक मारली, "रुचिका!" पोर मातीत रमली होती. "रुचिकाऽऽ!" आवाज फाटला. मग त्यांची सावली वाटीवर पडली, तेव्हा कुठे तिनं वर पाहिलं. आजोबा दिसताच खुदकन हसली आणि मातीचे दोन्ही हात वर केले.

आबा तिला उचलायला वाकले.

निशानं त्यांच्या आधी पोरीला उचललं. तिला दया आली नाही. एक वर्ष गेलं होतं पोरीचं, या माणसाच्या अब्रूपायी.

"घोडीचं काय ठरवू?" सौदागरानं हळूच विचारलं.

नातीला घ्यायला आबांनी हात पुढे केले.

"पहिले गाडी काढा," निशा म्हणाली.

राजेंद्र किल्ली आणायला घरात धावला. बापाला न विचारता.