ओली चादर

पुतळा मेला आणि तो मीच मारला, हे आधीच सांगून टाकतो.

त्या दिवशी आमचा चौघांचा एकत्र सराव होता. मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाचा, शिवाय एक नर्सिंगची, एक फार्मसीचा आणि एक फिजिओथेरपीची. सुरुवातीला प्रत्येकानं चिकटपट्टीवर आपलं नाव आणि काम लिहून छातीवर लावायचं होतं. मी नुसतं 'डॉक्टर' लिहिलं. परीक्षा अजून व्हायची होती, पण ऐट कुठे निकालाची वाट बघते!

पलंगावर पेशंट म्हणून झोपवलेल्या रबरी पुतळ्याचा रक्तदाब पडद्यावर घसरायला लागला. मी सलाईनच्या नळीतून औषध द्यायला लावलं. फरक शून्य.

"अजून एक डोस!"

"डॉक्टर, चादर ओली होतेय," नर्सिंगची म्हणाली.

"चादर नंतर बदला."

तिनं पुन्हा तेच सांगितलं.

"सिस्टर, मी विचारलं का तुम्हाला?" मी खेकसलो. ती गप्प बसली. फार्मसीवाल्यानंही उघडलेलं तोंड मिटलं. थोड्याच वेळात पडद्यावरची रेघ सपाट झाली. सुई केव्हाच निसटली होती, सगळं औषध गादीनं प्यायलं होतं.

मग सराव घेणाऱ्या मॅडमनी आमचा व्हिडिओ लावला. स्वतःची चूक बघायची माझी तयारी होती, आवाज ऐकायची नव्हती. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होतो. माझी आई तीस वर्षं वॉर्डात नर्स होती. जेवताना ती एका डॉक्टरची नक्कल करायची, मान ताठ, भुवई वर: "सिस्टर, मी विचारलं का तुम्हाला?" आम्ही भावंडं हसून लोळायचो, आणि सगळ्यात मोठ्यानं मी. इथं कुणीच हसत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या पुन्हा हीच टीम," मॅडम म्हणाल्या.

"मला यांच्यासोबत नको," नर्सिंगची माझ्यादेखत म्हणाली.

घरी आई भाजी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. मला वाटलं, ती हसेल किंवा झापेल. ती निवडत राहिली.

"मग ती पोरगी गप्प बसली?"

"हो. उद्या तिला काय तोंड दाखवू, आई?"

"मीपण गप्प बसले होते, एकदाच," ती म्हणाली. "तिथं पुतळा नव्हता रे."

आणि आम्ही इतकी वर्षं त्याच वाक्यावर हसत होतो.