टाकीजवळची शाळा, बागेसमोरची शाळा

बाईंनी मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आतून लावून पाहिलं. कडी बसली. काढून पुन्हा लावली; पुन्हा बसली. नळ सोडला, तर त्याला पाणीही होतं. बाहेर येऊन त्यांनी पर्समधला कागद काढला आणि बागेसमोरच्या शाळेच्या रकान्यात एक खूण केली.

कागदावर दोनच रकाने होते. शाळा दोन्ही सरकारी, एकमेकींपासून चालत वीस मिनिटांवर. दुसऱ्या रकान्यातली, टाकीजवळची शाळा बाईंना जाऊन पाहायची गरज नव्हती. तिथे त्या अकरा वर्षं शिकवत होत्या.

शनिवारी शाळा पालकांना पाहण्यासाठी खुली ठेवली होती. वाचनालयात बाकीचे लोक भिंतीवरची चित्रं बघत होते. बाईंनी पुस्तकं उघडली. पानांचे कोपरे मळलेले होते. म्हणजे मुलं खरोखर वाचतात. बाईंच्या शाळेतली पुस्तकं कपाटात कोरी करकरीत पडली होती, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे, हे दोन मुख्याध्यापक बदलून गेले तरी उमगलं नव्हतं.

प्रवेशाच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या. पुढच्या माणसाने सहज वळून पाहिलं आणि हातातला अर्ज चटकन पाठीमागे नेला.

"बाई, तुम्ही?"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची मुलगी बाईंच्याच तिसरीच्या वर्गात होती. 'पण का?' असं विचारल्याशिवाय कुणाचंच म्हणणं ती मान्य करायची नाही, म्हणून सगळा वर्ग तिला वकीलबाई म्हणायचा. बाई वरवर कपाळाला हात लावत. पण रोज सकाळी त्यांची नजर आधी तिच्याच बाकाकडे जाई.

"चुकलं माझं," तो घाईघाईने म्हणाला. "आधी तुमच्या कानावर घालायला हवं होतं. शाळेतली मुलं कमी होतायत, तुम्ही घरोघर फिरून लोकांना समजावता, सगळं ठाऊक आहे मला. पण माझ्यापायी इथवर याल असं नव्हतं वाटलं." त्याने अर्जाची घडी घातली. "जाऊ दे. राहील ती तुमच्याकडेच."

नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. पटावरचं एक नाव वाचलं असतं. बाईंनी पर्स उघडली आणि आपला अर्ज त्याच्यापुढे धरला.

"मी माझ्या मुलीसाठी आलेय. पहिलीत घालायचीय."

त्याने अर्ज पाहिला, मग बाईंकडे पाहिलं. रांग एक पाऊल पुढे सरकली. दोघंही सरकले.

"म्हणजे हीच बरी म्हणायची?"

"इथे गणिताला वेगळे शिक्षक आहेत. प्रयोगशाळा आहे. आमच्याकडे तिसरी-चौथी दोन्ही मी एकटी सांभाळते. तिसरीला लिहायला बसवते, तेवढ्यात चौथीला शिकवते. तुमच्या मुलीचे अर्धे प्रश्न मला ऐकूच येत नाहीत."

"पण तुम्ही शिकवता चांगलं."

"शिकवते," बाई म्हणाल्या. "ती घडी उलगडा. अर्ज चुरगळेल."

त्याने अर्ज भिंतीला टेकवून तळहाताने सारखा केला. "एकच अडचण आहे, बाई. ती यायला तयार नाही. बाईंना सोडून जाणार नाही म्हणते. बापाचं ऐकेल तर शपथ. तुम्हीच सांगून बघा."

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं. वाचनालय, प्रयोगशाळा, मैदान, सगळं सांगितलं. वकीलबाई डबा पोटाशी धरून ऐकत होती.

"तुम्हाला माझ्या प्रश्नांचा कंटाळा आला का?"

"नाही गं."

"मग का पाठवता?"

"तुझ्या प्रश्नांना अख्खा तास मिळावा म्हणून."

"मग बाकीच्यांना नको का?"

बाईंनी खडूची पेटी उघडली आणि बंद केली. 'जा, खेळ जा' असं म्हणणं सोपं होतं.

"हवा," त्या म्हणाल्या. "त्यांना कसा द्यायचा, मला माहीत नाही. आणि ऐक, तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. माझी मुलगीही तिथेच जाणार आहे."

बाई तिच्या 'पण का?'ची वाट पाहत उभ्या राहिल्या. बाहेर पोरींचा आरडाओरडा चालला होता.

"तिला सोडायला तुम्ही जाणार?"

"मला नाही जमायचं. दोन्ही शाळा एकाच वेळी भरतात."

"मग मधला मोठा रस्ता?"

"बघू. शेजारच्या काकूंना विचारलंय."

"काकू कशाला?" वकीलबाई म्हणाली. "आमच्या बिल्डिंगवरूनच जावं लागतं. मी नेईन की. तिला फक्त सांगून ठेवा, हात सोडायचा नाही."

बाईंनी 'बरं' म्हणून मान हलवली. तोवर ती डबा घेऊन बाहेर पळालीही होती.