एक कप कमी

ताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते आणि माझ्या हातात अर्ध्या लिटरचा चंबू होता. प्रयोगशाळांना लागणाऱ्या काचेच्या भांड्यांवर मापाच्या रेघा ओढायच्या, हे माझं काम. एकतीस वर्षं तेच करतेय. "तुमची बहीण वाळत चाललीय हो," शेजारीण म्हणाली, "आणि रोज दुपारी चारला दोघांची कॉफी करते. घरात ती एकटी." मी म्हटलं, कॉफी करते म्हणजे हिंडतीफिरती आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. फोन ठेवला, रेघ ओढायला गेले आणि ती तिरकी आली. चंबू वाया गेला. मग मी मुकाट्यानं रजेचा अर्ज लिहिला.

दार ताईनंच उघडलं. तिच्या हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मला काळजी वाटली की आधी राग येतो, हा माझा जुना आजार आहे.

"काय अवतार केलायस हा? जेवतेस की नाही?"

"जेवते गं. ये आत, मापाडीण. चार वाजत आलेत, कॉफी टाकते."

मापाडीण हे नाव मला भाऊजींनी ठेवलेलं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. एका सकाळी एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत चढले, काम आटोपलं, स्टुलावर टेकले आणि उठलेच नाहीत. त्यांना दोनच नाद होते: लिफ्टचे जुने भाग घरी आणून ठेवायचे आणि सायफनमध्ये कॉफी करायची. पहिल्या नादावरून ताई त्यांच्याशी तेवीस वर्षं भांडली आणि दुसऱ्यामुळे दर वेळी गप्प बसली.

सायफन म्हणजे दुमजली काचेचं भांडं. खाली गोल चंबू, त्यात पाणी. वर उभट भांडं, त्याची लांब नळी खालच्या पाण्यात बुडलेली. दोन्हींच्या मध्ये फडक्याची गाळणी, ती बारीक साखळीनं खाली ओढून अडकवायची. चंबू बाहेरून कोरडा पुसायचा, नाहीतर तडकतो, आणि त्याच्याखाली स्पिरिटचा दिवा लावायचा. पाणी तापलं की वाफ त्याला ढकलते आणि ते नळीतून वर चढतं. वर पूड टाकायची, लाकडी चमच्यानं ढवळायचं, मिनिटभर थांबायचं. मग दिवा काढला की खालची वाफ निवते, चंबू कॉफीला खाली ओढून घेतो आणि शेवटी एक घुर्रर्र आवाज येतो. भाऊजी गेल्यावर हे भांडं आठ महिने कपाटात पडून होतं. ताईनं ते दोन महिन्यांपूर्वी बाहेर काढलं होतं.

तिनं टेबलावर तीन कप मांडले. तिसरा भाऊजींच्या खुर्चीसमोर. दुःखात माणूस काय काय करतो, कप मांडला तर कुठे बिघडलं? तिनं तीन कप पाणी मोजून घातलं, ते वर चढलं, ढवळलं गेलं, दिवा निघाला, कॉफी उतरली. ताईनं माझा कप भरला, स्वतःचा भरला, आणि चंबू रिकामा झाला.

"तिसऱ्याचं काय?" मी विचारलं.

"ते घेतात त्यांची त्यांची."

माझं डोकंच फिरलं. "ताई, पूड पाणी पिते. साधी गोष्ट आहे. भिजलेल्या पुडीत पाणी राहतं, थोडं वाफेत जातं. त्यात भाऊजींना कशाला ओढतेस?"

"पूड एवढं पिते होय? तू मापाडीण ना? मग मोज की."

मोजणं माझ्या हातचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पाणी तोलून चंबूत ओतलं आणि पर्समधल्या हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीनं काचेवर रेघा ओढल्या: दोनशे, तीनशे, तीनशे साठ. दुपारी तीनशे साठ मिलिलिटर पाणी घातलं. पूड पंचवीस ग्रॅम. पुडीत पन्नास राहणार, वाफेत दहा जाणार, खाली तीनशे उतरायला हवं. मी नाक काचेला लावून बसले होते. कॉफी उतरली, घुर्रर्र झालं, वरच्या भांड्यात नुसता चोथा उरला. खाली कॉफी बरोबर दोनशेच्या रेघेवर येऊन थांबली होती.

मी चोथा तोलला. त्यात पन्नासच होतं. रबराची कड तपासली, टेबल पुसलं, टेबलाखाली हात फिरवला. सगळं खडखडीत कोरडं. शंभर मिलिलिटर कॉफी, एक पूर्ण कप, कुठे गेली त्याचा पत्ता नाही. ताई शांतपणे पीत होती. मी उगाच, काहीतरी करायचं म्हणून, तिसरा कप उचलला. तो रिकामा होता, आतून कोरडा होता, आणि चांगला गरम होता. मी तो इतक्या घाईनं खाली ठेवला की त्याचा टवका उडाला.

"हळू," ताई म्हणाली, "ह्यांचा आवडता आहे."

त्या दिवशी संध्याकाळी तिनं पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "जाते गं, भाजी आणते."

"असं 'जाते' म्हणतं का कुणी? 'येते' म्हणावं."

"मी नाही म्हणत आता. त्या दिवशी ते 'येतो' म्हणून गेले होते ना? आले बघ. उशीर झाला, पण आले. शब्द तोंडातून गेला की पाळायलाच लागतो, एवढं मला कळलं. मी उगाच कुणाला शब्द देत नाही." आणि ती गेली.

ती बाहेर असताना मी घर धुंडाळलं. मला काय हवं होतं ते मलाच माहीत नव्हतं. फ्रिजवर दवाखान्याची चिठ्ठी चिकटवलेली होती, दोन महिन्यांपूर्वीची. वजन एकोणपन्नास किलो. ताई परत आल्यावर मी तिला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस. म्हणजे साठ दिवसांत सहा किलो. मी आकड्यांत आयुष्य काढलेली बाई. भागाकार मला करावा लागत नाही, तो आपोआप होतो. दिवसाला शंभर ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी काटा बेचाळीस पूर्णांक नऊवर आला. तिसऱ्या दिवशी आठवर. कॉफी रोज दोनशेच्या रेघेवर. भाऊजी पीत होते ती कॉफी नव्हतीच.

मी ताईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली, आकडे दाखवले. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिनं फक्त चिठ्ठीची घडी केली.

"तुला भीती नाही वाटत?"

"कसली? तेवीस वर्षांचा संसार आहे माझा त्यांच्याबरोबर."

मला मात्र भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर मत्सरही वाटत होता. आईबाबा गेल्यापासून माझं म्हणावं असं माणूस जगात एकच होतं, आणि ते मी समोर बसलेली असताना घोटाघोटानं दुसऱ्या कुणाकडे चाललं होतं.

"माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. "आजच. हे घर बंद कर."

"माणूस आत असताना बाहेरून कुलूप लावू?"

"नसेल आत तर?"

ताईनं बराच विचार केला. "ज्या दिवशी कॉफी पूर्ण उतरेल ना, तीनशेच्या रेघेपर्यंत, त्या दिवशी मी समजेन की ते गेले. मग निघू."

मी काय करणार होते हे मला तेव्हाच कळलं होतं. एकतीस वर्षांत मी एकही खोटी रेघ ओढली नव्हती. माझ्या मापावर लोक औषधं बनवतात. पण चौथ्या दिवशी पावणेचारला मी ताईला म्हटलं, "जरा माझी शाल शोध ना, आतल्या खोलीत असेल." शाल माझ्या पिशवीत होती. ताई आत गेली आणि मी चंबूत शंभर मिलिलिटर पाणी जास्तीचं ओतलं. दिवा लावला. ती परत येईपर्यंत पाणी वर चढलं होतं. वरच्या भांड्यावर मी रेघा ओढलेल्याच नव्हत्या.

दिवा काढला. आम्ही दोघी खालच्या चंबूकडे बघत होतो. कॉफी दोनशेवर आली, क्षणभर रेंगाळली, मग चढत गेली. घुर्रर्र झालं. तीनशे.

"गेले," मी म्हटलं. माझा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटला.

ताईनं तीनही कप भरले. पहिल्यांदाच तिसऱ्या कपात कॉफी दिसत होती. तिनं स्वतःच्या कपातून एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. "बरं," ती म्हणाली, "चल मग." मी तिसरा कप मोरीत ओतायला उचलला. तो थंडगार होता. आत्ताच ओतलेली कॉफी, आणि कप फ्रिजमधून काढल्यासारखा. मी तो ओतून टाकला, विसळला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

एका बॅगेत तिचे कपडे मावले. दारात कुलूप हातात घेऊन ती थांबली, स्वयंपाकघराकडे वळली. तिचे ओठ हलत होते. मग मला ऐकू आलं, "येते हं."

मी सटपटले. पण म्हटलं, सवय आहे, जिभेवरचा शब्द आहे. आता तिथे ऐकायला कुणी नाही असं तिला वाटतंय, म्हणून इतक्या दिवसांनी मोकळेपणानं म्हणाली. आणि तिथे ऐकायला कोण होतं ते मला तिला सांगता येणार नव्हतं.

माझ्या घरी ताई छान राहिली. माझ्याकडे चहाच असतो, तोही पिशवीचा, त्यावरून तिनं मला भरपूर टोमणे मारले. माझी कपाटं लावली. आम्ही लहानपणीच्या खोलीवरून भांडलो, खिडकीजवळची खाट कुणाची होती म्हणून. मी रोज सकाळी तिला काट्यावर उभं करायचे. बेचाळीस पूर्णांक सात. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशीही सात. काटा हलत नव्हता आणि मी मनातल्या मनात उड्या मारत होते. मी इतकी गोड वागायला लागले की ताईनं विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?"

आठव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मला राहवलं नाही. खोटं माप मला आत टोचत होतं.

"ताई, एक सांगू? त्या दिवशी मी पाणी जास्त घातलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"फिकी होती गं," ती म्हणाली. "पहिल्याच घोटाला कळलं. पाणी वाढवलंस, पूड वाढवायला विसरलीस. मापाडीण खरी, पण कॉफी करणाऱ्यातली नव्हेस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खोटी रेघ ओढलीस, माझ्यासाठी. जन्मात कधी केलं नाहीस ते केलंस. म्हटलं, हिला एकदम टाकून कसं जायचं? दारात त्यांच्याकडून मागून घेतलं. आठ दिवस धाकटीकडे राहते, तिच्याशी पोटभर बोलते, आणि मग येते."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. मी उठले. दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली पिठाच्या डब्यात खुपसली. खिडक्या लावल्या. स्टुलावर चढून घड्याळातला सेल काढला. ताई माझ्याकडे बघून हसत होती, लहानपणी मी रुसून पलंगाखाली बसायचे तेव्हा हसायची तशी. "वेडी आहेस," ती म्हणाली. "ये, बस इथे."

मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तिनं आईच्या साड्यांबद्दल काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. मी डॉक्टरला बोलावते म्हटलं, ती म्हणाली, बोलाव की, चहा पिऊन जाईल बिचारा. मग ती खुर्चीत मागे टेकली. मी तिला तिच्या नावानं हाक मारली, जी मी जन्मात कधी मारली नव्हती. तिनं डोळे न उघडताच मान हलवली.

मी तिचा हात सोडला नाही. सोडला तो तिनं.